आधुनिक भौतिकी व कॅथलिक तत्त्वज्ञान

आधुनिक भौतिकी व कॅथलिक तत्त्वज्ञान : विसाव्या शतकाच्या आरंभी उदयास आलेले पुंज सिद्धांत व सापेक्षता सिद्धांत आणि त्यांच्या आधारे उभे राहिलेले विश्वोत्पत्तिशास्त्र यांचा रोमन कॅथलिक परंपरेतील तत्त्वज्ञानाशी, विशेषतः सेंट टॉमस अक्वायनस (१२२५–७४) याच्या विचारप्रणालीशी, आलेला संबंध. हा संबंध केवळ विरोधाचा किंवा केवळ मेळाचा नाही. द्रव्य, कारण, काल आणि विश्वाचा आरंभ या चार संकल्पना दोन्ही क्षेत्रांत वापरल्या जातात. मात्र त्या एकाच अर्थाने वापरल्या जातात काय, हाच या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर, भौतिकीतील एखाद्या शोधाने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध किंवा असिद्ध होऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर अवलंबून राहते.

पूर्वपीठिका : ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक भौतिक वस्तू उपादान व आकार या दोन तत्त्वांनी घडलेली असते. वस्तूत होणारा बदल म्हणजे शक्यरूप अस्तित्वाचे वास्तवरूप अस्तित्वात होणारे संक्रमण होय. कोणत्याही घटनेचे पूर्ण स्पष्टीकरण देण्यासाठी उपादान, आकार, निमित्त व प्रयोजन ही चार कारणे सांगावी लागतात. अक्वायनसने ही चौकट स्वीकारून तिला ख्रिस्ती ईश्वरविद्येची जोड दिली. पदार्थ अस्तित्वात आहेत, पण ते नसतेही, म्हणजे ते आपाती आहेत. त्यांच्या अस्तित्वाचा आधार स्वयंसिद्ध अशा सत्तेत शोधावा लागतो, हे त्याच्या युक्तिवादाचे सूत्र होते. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी त्याने मांडलेल्या पाच युक्तिवादांपैकी पहिला गतीवर, म्हणजे व्यापक अर्थाने बदलावर, आधारलेला आहे.

सतराव्या शतकात ही चौकट मोडली. गणिती नियमांनी गतीचे वर्णन करणाऱ्या नव्या यामिकीला आकार व प्रयोजन यांची गरज राहिली नाही. कोपर्निकसच्या ग्रंथावर १६१६ मध्ये आलेली बंदी व १६३३ मध्ये गॅलिलीओवर झालेला खटला यांमुळे हा वैचारिक बदल संघर्षाच्या स्वरूपात लोकांच्या स्मरणात राहिला. देकार्तच्या लेखनाचा समावेश १६६३ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत झाला. सूर्यकेंद्री सिद्धांत मांडणारे ग्रंथ या सूचीतून १८३५ च्या आवृत्तीत वगळण्यात आले. त्यानंतरच्या काळात कॅथलिक विचारवंतांची भूमिका सावध राहिली, आणि या सावधपणाचे मूळ बऱ्याच अंशी गॅलिलीओ प्रकरणाच्या अनुभवात आहे.

पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (१८७०) श्रद्धा व तर्कबुद्धी यांच्यात खरा विरोध असू शकत नाही, असे प्रतिपादन केले. पोप तेरावा लिओ याने १८७९ मध्ये काढलेल्या ईतेर्नी पात्रिस या परिपत्रकाने टॉमसवादाच्या पुनरुज्जीवनास अधिकृत चालना दिली. बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठात देझीरे मेर्स्ये (१८५१–१९२६) याने १८८९ मध्ये तत्त्वज्ञानाची उच्च अध्ययन संस्था स्थापन केली. मध्ययुगीन ग्रंथांच्या अभ्यासाबरोबरच तत्कालीन विज्ञानाशी परिचय हे तिचे वैशिष्ट्य होते. याच देशात कॅथलिक वैज्ञानिकांनी १८७५ मध्ये ब्रूसेल्स वैज्ञानिक संस्था स्थापन केली होती आणि व्हॅटिकन परिषदेचे उपर्युक्त वचन तिने आपले बोधवाक्य म्हणून घेतले होते. प्रसरणशील विश्वाविषयीचा ल्मेत्र याचा निबंध पुढे याच संस्थेच्या वार्षिकात प्रसिद्ध झाला.

द्यूएम याची भूमिका : आधुनिक भौतिकी व तत्त्वमीमांसा यांच्या सीमेचा पद्धतशीर विचार करणारा पहिला कॅथलिक भौतिकीविज्ञ म्हणजे प्येअर द्यूएम (१८६१–१९१६) हा फ्रेंच अभ्यासक होय. तो ऊष्मागतिकीचा तज्ञ असून बॉर्दो येथे प्राध्यापक होता. १९०६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या भौतिकी सिद्धांतांच्या हेतुविषयक व रचनाविषयक विवेचनात त्याने असे मांडले की, भौतिकी सिद्धांत हा वस्तूंच्या अंतिम स्वरूपाचे स्पष्टीकरण नसून प्रायोगिक नियमांचे गणिती वर्गीकरण असतो. त्यामुळे अशा सिद्धांतातून तत्त्वमीमांसेचे एखादे विधान सिद्ध होत नाही व खोडलेही जात नाही. याचा परिणाम दुहेरी होता. भौतिकीच्या नावाने धर्मश्रद्धेवर होणारे आक्षेप त्याने अमान्य ठरविले, पण त्याच न्यायाने भौतिकीच्या आधारे धर्मश्रद्धेचे मंडन करण्याचा मार्गही बंद झाला. तथापि सिद्धांत परिपक्व होत जाईल तसतसे त्याचे वर्गीकरण निसर्गातील खऱ्या व्यवस्थेशी जुळत जाते, असे त्याला वाटत होते. ही धारणा भौतिकीच्या पद्धतीने सिद्ध करता येत नाही, हे त्याने मान्य केले होते.

द्यूएमचे दुसरे कार्य ऐतिहासिक स्वरूपाचे आहे. पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्ये ॲरिस्टॉटलच्या अनुयायांची २१९ विधाने निषिद्ध ठरविली होती. ईश्वर अनेक विश्वे निर्माण करू शकत नाही, यासारख्या विधानांचा त्यांत समावेश होता. या निषेधामुळे ॲरिस्टॉटलची पकड सैल होऊन ब्यूरिदाँ व ऑरेम यांच्या गतिविषयक विचारांना वाट मिळाली आणि आधुनिक विज्ञानाची बीजे तेथे पडली, असे द्यूएमचे मत होते. अलेक्सांद्र क्वारे याने ते अमान्य केले. सतराव्या शतकातील गणितीकरण ही मूलतः वेगळी घटना होती, असे त्याचे म्हणणे होते. मध्ययुगीन विज्ञानाच्या गंभीर अभ्यासाला द्यूएमच्या संशोधनाने सुरुवात झाली, याविषयी मात्र दुमत नाही.

ज्ञानाच्या पातळ्या : जाक मारीतँ (१८८२–१९७३) या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्ञानाच्या श्रेणींविषयीच्या ग्रंथात वेगळा मार्ग अवलंबिला. त्याच्या मते आधुनिक भौतिकी हे मिश्र स्वरूपाचे ज्ञान आहे. तिचा विषय भौतिक असतो, पण तिचे स्पष्टीकरण गणिताच्या नियमांनी चालते. ‘हे मोजता कसे येते?’ हा तिचा प्रश्न, तर ‘हे मुळात काय आहे?’ हा निसर्गाच्या तत्त्वज्ञानाचा प्रश्न. एकाच वस्तूविषयी हे दोन्ही प्रश्न विचारता येतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. एककालिकता निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असते, हा आइन्स्टाइन यांचा निष्कर्ष मारीतँने मोजमापाच्या पातळीवर स्वीकारला. त्यावरून कालाच्या खऱ्या स्वरूपाविषयी निष्कर्ष काढण्यास मात्र त्याचा विरोध होता.

ही विभागणी सोयीची असली, तरी ती आक्षेपांपासून मुक्त नाही. मोजता येणाऱ्या कालापलीकडे दुसरा खरा काल आहे असे म्हणावयाचे, तर त्याचा पत्ता कसा लागतो, याचे उत्तर द्यावे लागते. शिवाय भौतिकीच्या कोणत्याही निष्कर्षाचा तत्त्वज्ञानावर परिणाम होत नसेल, तर निसर्गाचे तत्त्वज्ञान निसर्गापासून तुटण्याचा धोका असतो. यामुळेच काही टॉमसवादी अभ्यासकांनी, विशेषतः अमेरिकेतील डॉमिनिकन पंथीय विल्यम वॉलेस (१९१८–२०१५) याने, भौतिकी ही निसर्गाच्या तत्त्वज्ञानाचेच पुढचे पाऊल आहे, असा पक्ष मांडला.

द्रव्य व मूलकण : उपादान–आकार सिद्धांताप्रमाणे पाणी हे एक द्रव्य असून त्याला एकच आकार असतो. पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन हे घटक वास्तवरूपाने नसतात, तर केवळ त्यांची सामर्थ्ये टिकून असतात. रसायनशास्त्र व अणुभौतिकी यांनी मात्र पाण्याच्या रेणूत अणुकेंद्रे व इलेक्ट्रॉन दाखवून दिले. आल्बेर्ट मिटरर या ऑस्ट्रियन ईश्वरविद्यावेत्त्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे प्रतिपादन केले की, पदार्थ कणांचा बनलेला आहे हे एकदा मान्य केल्यावर मध्ययुगीन सिद्धांत मूळ स्वरूपात टिकत नाही. इतर टॉमसवाद्यांनी उत्तर दिले की, रेणूतील इलेक्ट्रॉन सुट्या इलेक्ट्रॉनासारखा वागत नाही. तो संपूर्ण रचनेच्या अवस्थेत सामावलेला असतो व म्हणून संपूर्ण रचनेचा आकार हाच निर्णायक ठरतो.

या युक्तिवादाला अनपेक्षित दिशेने आधार मिळाला. व्हेर्नर हायझेनबेर्क (१९०१–७६) हे कॅथलिक नव्हते. तथापि १९५५-५६ मधील गिफर्ड व्याख्यानांत व त्यांवर आधारलेल्या १९५८ च्या ग्रंथात त्यांनी असे सुचविले की, पुंजयामिकीतील संभाव्यता तरंग हे ॲरिस्टॉटलच्या शक्यरूप अस्तित्वाचेच परिमाणात्मक रूप आहे. मापनापूर्वी इलेक्ट्रॉनाला निश्चित स्थान नसते; पण म्हणून तेथे काहीच नसते असेही नाही. घटनेची कल्पना व घटना यांच्या मध्ये असणारी ही एक अवस्था होय. टॉमसवादी लेखकांनी या विधानाचा वारंवार उपयोग केला आहे. येथे एक भेद मात्र लक्षात ठेवावा लागतो. ॲरिस्टॉटलचे शक्यरूप अस्तित्व प्रयोजनाशी बांधलेले आहे. बीजाची शक्यता वृक्ष होण्याची असते. तरंग फलनात अशा प्रयोजनाला स्थान नाही. शिवाय पुंजयामिकीचे अर्थ एकाहून अधिक प्रकारांनी लावले जातात व सर्वांत शक्यरूप अस्तित्वाची गरज पडत नाही. त्यामुळे येथे साम्य आहे, पण त्यावरून सिद्धी होत नाही.

ख्रिस्तप्रसादाविषयीचा वाद : द्रव्याची संकल्पना कॅथलिक पंथात केवळ तात्त्विक कुतूहलाची बाब नाही. मिस्सा विधीत भाकर व द्राक्षारस यांचे द्रव्य पालटते आणि रंग, रुची, वजन इ. आगंतुक गुण तसेच राहतात, अशी शिकवण ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये निश्चित केली. भाकर म्हणजे रेणूंचा समूह असे भौतिकी सांगू लागल्यावर पालटते ते नेमके काय, हा प्रश्न उभा राहिला. रोममधील जेझुइट प्राध्यापक फिलिप्पो सेल्व्हाज्जी याने १९४९ मध्ये असे मत मांडले की, आधुनिक विज्ञानाला अनुसरून बोलावयाचे, तर रेणू, अणू व मूलकण ही द्रव्ये पालटतात आणि त्यांचे मापनक्षम परिणाम तेवढे उरतात. कार्लो कोलोंबो या मिलानच्या ईश्वरविद्यावेत्त्याने १९५५ मध्ये त्यास विरोध केला. धर्मसिद्धांतातील द्रव्य ही तत्त्वमीमांसेची संकल्पना आहे; तिचा भौतिकीतील कणांशी संबंध जोडणे हा वर्गदोष आहे आणि भौतिकीच्या पातळीवर काहीही पालटत नाही, असे त्याचे म्हणणे होते. हा वाद अनेक वर्षे चालला. पुढील लेखनात कोलोंबोच्या बाजूचे पारडे जड ठरले. भौतिकीशी थेट सांधा जोडल्यास प्रत्येक नव्या कणाबरोबर धर्मसिद्धांताची भाषा बदलावी लागेल, हे त्याचे एक कारण होते. याउलट सांधा पूर्णपणे तोडल्यास ‘द्रव्य’ हा शब्द आजच्या वाचकाला अर्थशून्य वाटू लागतो, ही सेल्व्हाज्जीची चिंताही निराधार नव्हती.

कार्यकारणभाव व अनिश्चितता : लाप्लास (१७४९–१८२७) याच्या मते विश्वाची एका क्षणाची स्थिती पूर्णपणे ज्ञात असेल, तर त्याचा सर्व भूतकाळ व भविष्यकाळ गणिताने काढता येईल. अशा विश्वात मानवी इच्छास्वातंत्र्याला जागा राहत नाही; म्हणून कॅथलिक तत्त्वज्ञानाला हा नियतिवाद कधीच मानवला नाही. १९२७ मध्ये हायझेनबेर्क यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. त्यानुसार कणाचे स्थान व संवेग यांच्या अनिश्चिततांचा गुणाकार प्लांक स्थिरांकाला ४π ने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असू शकत नाही. प्लांक स्थिरांकाचे मूल्य सु. ६·६२६ × १०⁻³⁴ जूल-सेकंद एवढे अल्प असल्याने दैनंदिन व्यवहारात ही मर्यादा जाणवत नाही.

नियतिवाद ढासळला म्हणून अनेक धार्मिक लेखकांना आनंद झाला, तरी टॉमसवाद्यांपुढे नवी अडचण उभी राहिली. रेडियम–२२६ चा अर्धायुकाल सु. १,६०० वर्षे आहे. एक ग्रॅम रेडियमातील निम्मे अणू या काळात विघटन पावतील, हे खात्रीने सांगता येते. परंतु त्यांतील एखादा विशिष्ट अणू आजच का फुटला व शेजारचा का फुटला नाही, याचे कोणतेही कारण पुंजयामिकी देत नाही. कारणाशिवाय घटना घडत असेल, तर कारणावर आधारलेले ईश्वरविषयक युक्तिवादच दुबळे होतात.

या अडचणीला दोन प्रकारची उत्तरे देण्यात आली. अनिश्चितता ही आपल्या ज्ञानाची मर्यादा आहे, वस्तूंची नव्हे, असे काहींनी म्हटले. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलेल्या असमतेमुळे व तिच्या आधारे झालेल्या प्रयोगांमुळे (या प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउझर व त्सायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले) हे उत्तर बरेच आकुंचित झाले आहे. स्थानिक स्वरूपाचे गुप्त घटक मानून पुंजयामिकीची भाकिते मिळविता येत नाहीत. डेव्हिड बोम यांचा १९५२ चा अस्थानिक नियतिवादी पर्याय अद्याप खोडला गेलेला नाही. दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. त्यानुसार ‘कारण असणे’ व ‘पूर्वकथन करता येणे’ या भिन्न गोष्टी आहेत. अणूचे विघटन त्याच्या स्वभावातूनच घडते, म्हणून ते निष्कारण नाही. मात्र त्याचे कारण एकच परिणाम ठराविक वेळी घडवून आणण्यास बांधलेले नाही. ईश्वरी योजना निसर्गातील यदृच्छेला नाकारीत नाही, असे अक्वायनसनेच म्हटले असल्याने या उत्तराला परंपरेचाही आधार आहे.

कॅनडातील जेझुइट तत्त्वज्ञ बर्नर्ड लोनर्गन (१९०४–८४) याने इन्साइट (१९५७) या ग्रंथात हा विचार पुढे नेला. अभिजात नियम ‘परिस्थिती समान असेल तर काय घडेल’ हे सांगतात, तर सांख्यिकीय नियम ‘ते किती वेळा घडेल’ हे सांगतात. दोन्ही मिळूनच निसर्गाचे आकलन पुरे होते. नव्या रचना संभाव्यतेच्या नियमांनी टप्प्याटप्प्याने उदयास येतात, अशी विश्वाची प्रतिमा त्याने रेखाटली. याउलट पुंज अनिश्चिततेच्या फटीतून ईश्वर निसर्गात कार्य करतो, ही कल्पना अमेरिकन भौतिकीविज्ञ व एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू विल्यम पोलार्ड यांनी १९५८ मध्ये मांडली, तेव्हा टॉमसवाद्यांना ती रुचली नाही. त्यांच्या दृष्टीने ईश्वर हा आदिकारण असून निसर्गातील दुय्यम कारणांच्या रांगेतील आणखी एक कारण नव्हे. फटी शोधून त्याला जागा करून देणे म्हणजे त्याचे स्थान कमी करणे होय.

विश्वाचा आरंभ : या विषयाचा सर्वांत बोधप्रद भाग बेल्जियन धर्मगुरू व खगोल भौतिकीविज्ञ झॉर्झ ल्मेत्र (१८९४–१९६६) याच्याशी निगडित आहे. पहिल्या महायुद्धात सैन्यात काम केल्यावर त्याने गणिताबरोबरच टॉमसवादी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला व १९२३ मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. केंब्रिज येथे एडिंग्टन यांच्याकडे व पुढे अमेरिकेत अध्ययन करून तो लूव्हाँला परतला. १९२७ मध्ये त्याने व्यापक सापेक्षता सिद्धांतावरून प्रसरणशील विश्वाची प्रतिकृती मांडली आणि दीर्घिकांच्या ताम्रच्युतीचा तिच्याशी संबंध जोडला. आइन्स्टाइन यांनी त्याच वर्षी त्याच्या गणिताला मान्यता दिली, परंतु प्रसरणाची कल्पना त्यांना भौतिकीच्या दृष्टीने पटली नाही. हबल यांची निरीक्षणे १९२९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही स्थिती बदलली. ९ मे १९३१ च्या नेचर या नियतकालिकात ल्मेत्रने विश्वाचा आरंभ एकाच पुंजातून झाला असावा, अशी कल्पना एका छोट्या टिपणात मांडली. तिचाच विस्तार म्हणजे ‘आद्य अणू’चा सिद्धांत व पुढील महास्फोट सिद्धांताचा पाया होय. या टिपणाच्या हस्तलिखितात शेवटी ईश्वराचा उल्लेख असलेला परिच्छेद होता. तो त्याने प्रकाशनापूर्वी खोडून टाकला.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावा पायस याने पोपच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. त्यात निसर्गातील परिवर्तनशीलता व विश्वाचे प्रसरण यांचा अक्वायनसच्या युक्तिवादांशी संबंध जोडून, विज्ञान आता कालाच्या आरंभाची व पर्यायाने निर्मात्याची साक्ष देत आहे, असे त्याने सुचविले. ब्रिटिश गणितज्ञ एडमंड व्हिटेकर (१८७३–१९५६) यांचा आधार त्याने घेतला होता. व्हिटेकर यांनी १९३० मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला होता व विश्वाच्या आदि-अंताविषयी तसेच अक्वायनसच्या पाच युक्तिवादांविषयी ग्रंथ लिहिले होते.

या भाषणाने ल्मेत्र अस्वस्थ झाला. आद्य अणूचा सिद्धांत हे त्याच्या दृष्टीने एक वैज्ञानिक गृहीतक होते. निरीक्षणांनी ते खोटे ठरण्याचा संभव होता. बाँडी, गोल्ड व हॉइल यांनी १९४८ मध्ये मांडलेला स्थिर स्थिती सिद्धांत त्यावेळी तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता. श्रद्धेचा आधार अशा गृहीतकाला जोडला, तर गृहीतकाबरोबर श्रद्धाही पणाला लागते. उलट वैज्ञानिकांना तो सिद्धांत धर्मप्रचार वाटू लागतो. व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक डॅनिएल ओकॉनेल यांच्या साहाय्याने ल्मेत्रने आपले म्हणणे पोपच्या सल्लागारांपर्यंत पोहोचविले, असे मानले जाते. ७ सप्टेंबर १९५२ रोजी रोममध्ये आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाच्या सभासदांपुढे बोलताना पोपने तो मुद्दा पुन्हा मांडला नाही.

ही सावधगिरी किती योग्य होती, हे रोमच्या त्याच अधिवेशनात दिसून आले. व्हाल्टर बाडे यांनी तेथे दीर्घिकांची अंतरे तोवर मानली त्यापेक्षा सु. दुप्पट असल्याचे जाहीर केले व त्यामुळे विश्वाचे अनुमानित वयही दुप्पट झाले. हबल यांच्या मूळ आकडेवारीनुसार प्रसरणाचा दर दर दशलक्ष पार्सेकला सेकंदास सु. ५०० किमी. येत होता, आज तो सु. ७० किमी. मानला जातो आणि विश्वाचे वय सु. १,३८० कोटी वर्षे येते. ल्मेत्रने १९५८ मध्ये सॉल्व्हे परिषदेत आपली भूमिका स्पष्ट केली. त्याचा सिद्धांत धर्म व तत्त्वमीमांसा यांच्या प्रश्नांबाहेरचा असून तो स्वीकारणारा जडवादी ईश्वर नाकारण्यास व श्रद्धावान मनुष्य तो मानण्यास सारखाच मोकळा राहतो, असा तिचा आशय होता. १९६० पासून निधनापर्यंत तो पोपच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष होता. पेंझियास व विल्सन यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाची वार्ता त्याला मृत्यूपूर्वी थोडेच दिवस समजली. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने २०१८ मध्ये प्रसरणाच्या नियमास हबल–ल्मेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस केली.

महास्फोट सिद्धांताला पुढेही वैज्ञानिक विरोध झाला. हॉइल यांचे शिष्य व सहकारी, कोल्हापूर येथे जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिरवत स्थिती सिद्धांत मांडला. बहुतेक विश्वोत्पत्तिशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. तथापि विश्वाला आरंभ होता की नव्हता हा निरीक्षणाने सोडवावयाचा प्रश्न आहे, ही गोष्ट अशा पर्यायांमुळे स्पष्ट राहिली.

निर्मिती व आरंभ : ल्मेत्रच्या भूमिकेमागे अक्वायनसनेच केलेला एक भेद होता. चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) विश्व कालाच्या आरंभी शून्यातून निर्माण झाले, असे घोषित केले होते. अक्वायनसच्या मते विश्वाला आरंभ आहे हे केवळ श्रद्धेने कळते. तर्काने ते सिद्ध करता येत नाही. विश्वाच्या अनादित्वाविषयीच्या आपल्या छोट्या ग्रंथात त्याने, विश्व अनादी असूनही ईश्वरनिर्मित असू शकते व या दोन कल्पनांत तार्किक विसंगती नाही, असे दाखविले. निर्मिती म्हणजे भूतकाळातील पहिली घटना नव्हे, तर प्रत्येक क्षणी वस्तूंच्या अस्तित्वाचे ईश्वरावर असलेले अवलंबन होय. भौतिकीचे प्रत्येक स्पष्टीकरण एका अवस्थेपासून दुसऱ्या अवस्थेपर्यंत जाते. पुंज निर्वात हीदेखील नियमांनी बद्ध असलेली एक अवस्था आहे. तिला तत्त्वज्ञानातील शून्य म्हणता येत नाही.

या भेदाच्या आधारे नंतरच्या चर्चेलाही उत्तर देण्यात आले. हार्टल व हॉकिंग यांनी १९८३ मध्ये कालाला सीमा नसलेल्या विश्वाची प्रतिकृती मांडली. विश्वाला आरंभबिंदू नसेल, तर निर्मात्याला काय काम उरते, असा प्रश्न हॉकिंग यांनी १९८८ च्या आपल्या लोकप्रिय ग्रंथात विचारला. टॉमसवाद्यांच्या मते हा प्रश्न निर्मिती व आरंभ यांची गल्लत करतो. ही गल्लत पोप बारावा पायसच्या भाषणातही डोकावत होती, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. हॉकिंग हे १९८६ पासून पोपच्या विज्ञान अकादमीचे सभासद होते.

आक्षेप : ब्रिटिश तत्त्वज्ञ अँथनी केनी यांनी १९६९ मध्ये असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, पाचही युक्तिवाद मध्ययुगीन विश्वरचनेच्या कल्पनांशी इतके जखडलेले आहेत, की त्या काढून घेतल्यावर ते टिकत नाहीत. उदा., निरूढीच्या नियमानुसार सरळ रेषेतील एकसमान गती टिकण्यास चालकाची गरज नसते. मग पहिल्या युक्तिवादाचे काय? यावर, अक्वायनसला अभिप्रेत असलेला बदल केवळ स्थानांतर नाही व त्याची कारणमालिका कालात मागे जाणारी नसून एकाच क्षणी आधार देणारी आहे, असे उत्तर दिले जाते. दुसरा आक्षेप अधिक व्यापक आहे. भौतिकीतील कोणताही निष्कर्ष ज्या तत्त्वज्ञानाला बाधक ठरू शकत नाही, ते खरे तरी कशाच्या आधारे मानावे? हंगेरियन बेनेडिक्टाइन भौतिकीविज्ञ स्टॅन्ली याकी (१९२४–२००९) याने यास इतिहासाच्या मार्गाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. विश्व सुव्यवस्थित, पण आपाती आहे, म्हणून ते प्रयोगानेच जाणावे लागते, ही निर्मितीकल्पनेतून आलेली धारणा विज्ञानाच्या उदयास कारण झाली, असे त्याने १९७४–७६ मधील गिफर्ड व्याख्यानांत मांडले. ग्रीक, अरब, भारतीय व चिनी विज्ञानाला हा निकष लावताना त्याने त्यांच्यावर अन्याय केला, अशी टीका त्याच्यावर झाली आहे.

अलीकडील स्थिती : पोप दुसरा जॉन पॉल याने १९७९ मध्ये आइन्स्टाइन यांच्या जन्मशताब्दीच्या प्रसंगी गॅलिलीओ प्रकरणाच्या फेरविचाराचे आवाहन केले, १९८१ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाच्या कार्याची समाप्ती ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी झाली. १९८७ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेने भौतिकी, तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांविषयी परिषद भरविली. १ जून १९८८ रोजी वेधशाळेचे संचालक जॉर्ज कॉइन यांना लिहिलेल्या पत्रात पोपने विज्ञान व धर्म यांनी परस्परांत विलीन न होता संवाद करावा, अशी भूमिका घेतली आणि महास्फोट सिद्धांताचा श्रद्धेच्या समर्थनार्थ घाईने उपयोग करण्याविरुद्ध इशारा दिला. आयरिश धर्मगुरू व विज्ञानाचे तत्त्वज्ञ अर्नन मॅकमुलिन (१९२४–२०११) यांनी सिद्धी किंवा पुरावा या शब्दांऐवजी ‘सुसंवाद’ ही संकल्पना सुचविली. महास्फोट निर्मितीकल्पनेला सिद्ध करीत नाही. तो तिच्याशी सुसंगत आहे, एवढेच त्यांच्या मते म्हणता येते. पोप फ्रान्सिस यानेही २७ ऑक्टोबर २०१४ रोजी विज्ञान अकादमीपुढे महास्फोट व निर्मिती यांत विरोध नसल्याचे सांगितले.

एकंदरीत पाहता, आधुनिक भौतिकीने कॅथलिक तत्त्वज्ञानाला आपल्या संकल्पना अधिक काटेकोर करण्यास भाग पाडले, असे दिसून येते. द्रव्य म्हणजे कण नव्हे, कारण म्हणजे पूर्वकथन नव्हे आणि निर्मिती म्हणजे आरंभ नव्हे, हे भेद परंपरेत पूर्वीपासून असले, तरी त्यांचे महत्त्व विसाव्या शतकातील शोधांमुळेच पुन्हा लक्षात आले. या भेदांमुळे ते तत्त्वज्ञान वैज्ञानिक सिद्धांतांच्या चढउतारांपासून सुरक्षित राहते. परंतु त्याच प्रमाणात वैज्ञानिक सिद्धांतांचा आपल्या बाजूने पुरावा म्हणून उपयोग करण्याचा अधिकारही ते गमावते. ल्मेत्रने १९५१ नंतर घेतलेल्या भूमिकेचे मर्म हेच होते.